आक्काच्या गाण्याखाली

दात दुखत नसताना मी परवा लातूरला दातांच्या दवाखान्यात जाऊन बसले. खोटं कशाला बोलू? नांदेडहून एका लग्नाला आले होते, अक्षता पडल्या, पंगतीला अवकाश होता, आणि पाय आपोआप गंजगोलाईच्या मागच्या आमच्या जुन्या गल्लीकडे वळले. मन्मथअप्पांचं घर उभं होतं, पण ओसरीला काचेचं दार आणि दारावर हसऱ्या दाढेचं चित्र. आत शिरायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून गालाला हात लावला नि बाकावर टेकले. तिथल्या बाईंनी नाव लिहून घेतलं, कुठली दाढ म्हणून विचारलं. मागची, म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, बरं झालं.

बसल्याबसल्या आधी वास शोधला. लवंगेचा आला, औषधाचा आला, राळेचा नाही. राळ म्हणजे व्हायोलिनसारखी वाद्यं वाजवायच्या गजाच्या केसांना घासतात तो मधाच्या रंगाचा खडा. या खोलीत राळ आणि विभूती यांचा मिळून एक वास असायचा. तो गेलाय, फरशी पुसायच्या औषधाचा राहिलाय. तेवढ्यात आतल्या खोलीत कसलंसं यंत्र घुमायला लागलं आणि माझ्या डाव्या हाताचं बोट मांडीवरच्या पर्सवर आपसूक सरकायला लागलं, त्या घुमण्याचा सूर हुडकत. शेजारचे आजोबा टक लावून बघायला लागले तेव्हा हात आवरला.

ही खोड मला याच खोलीनं लावली. त्याआधी मी कुणाचा सूर हुडकत नव्हते. लोकांनी माझा हुडकावा, अशी माझी रीत होती.

नांदेडला कॉलेजात असताना आमचा मुलींचा ऑर्केस्ट्रा होता. एकीला गायचं होतं, एकीला कीबोर्ड हवा होता, ड्रमवर तर दोघी भांडत होत्या. राहिली बास गिटार, ती कुणालाच नको होती, म्हणून माझ्या गळ्यात पडली. माझ्या भावानं हैदराबादहून आणलेली, लालभडक. वजिराबादेत एका कापड दुकानाच्या माडीवर तालीम चालायची. नव्या कापडाच्या खळीचा वास, खाली गिऱ्हाइकांची घासाघीस, दुरून गुरुद्वारातलं कीर्तन, आणि अँप्लिफायर तापला की जळक्या धुळीचा वास. तो वास आला की मला चेव चढायचा. बास कुणाला ऐकू येत नाही असं जो तो म्हणायचा, म्हणून मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळायचे. मांडवाचे पत्रे थरथरायचे. समोर बसलेल्यांच्या छातीत धडधडलं पाहिजे, एवढाच माझा संगीताचा अभ्यास. एका गणपतीत कार्यक्रम संपल्यावर आमची गाणारी मुलगी रडायला लागली. तुझ्यापुढं मला माझाच आवाज ऐकू येत नाही गं, म्हणाली. मी म्हटलं, मग जोरात गा. काय मस्ती होती अंगात. ती आज कुठं असते ठाऊक नाही, भेटली तर तिच्यासमोर स्वतःचे कान धरीन.

लग्न होऊन लातूरला आले आणि गिटार कपाटावर गेली. तिच्यावर गाद्या, गाद्यांवर पाहुण्यांच्या उशा. सासरी कुणी वाजवू नको म्हणालं नव्हतं, वाजव असंही कुणी म्हणालं नाही. दिवस जात होते. संध्याकाळी वारा फिरला की डाळमिलचा भुसकट, भाजका वास घरात यायचा, आणि नळाला पाणी आलं की सगळी गल्ली कळश्या घेऊन धावायची.

समोरच्या घरात आक्का आणि अप्पा राहायचे, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ. मूळचे उदगीरचे, लिंगायत व्यापाऱ्याचं घर. अप्पा पोरवयातच मुंबईला गेले आणि तिथल्या स्टुडिओंत डबल बास, म्हणजे व्हायोलिनचा तो थोराड भाऊबंद, वाजवत राहिले. पुढं सगळी वाद्यं एका मशीनवर वाजायला लागली तसे परत आले. त्यांचा बास चार वाकळांत गुंडाळून, डाळ पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून आला होता म्हणे. आक्का विधवा. गल्लीतलं महिला भजनी मंडळ त्यांचंच, दर सोमवारी दुपारी महादेवाच्या देवळात त्यांचं गाणं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, आणि बोलणं मात्र कामापुरतं. आक्कांनी अप्पांना आपल्या भजनात कधीही वाजवू दिलं नव्हतं. पंचवीस वर्षांत एकदासुद्धा नाही. त्याचं कारण गल्लीत तीन तऱ्हांनी सांगायचे. मी एकही शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही.

संक्रांतीचं वाण द्यायला गेले तेव्हा तो बास मी पहिल्यांदा पाहिला. या कोपऱ्यात, वाकळ पांघरून. क्षणभर वाटलं, कुणी म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. आणि तिच्या पायाशी पाण्यानं भरलेली तांब्याची घागर. लातूरच्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं, म्हणून अप्पा बाराही महिने ती घागर तिथं भरून ठेवायचे, उन्हाळ्यात वर ओलं पोतं. नळ आठ-आठ दिवस यायचा नाही, माणसं तोंड धुवायला वाटीनं पाणी घ्यायची, पण या घागरीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आक्का करवादायच्या. लगीन न्हाई केलं अन् ही आणून बसवली, म्हणायच्या. पण अप्पा गावाला गेले की घागर भरायच्या त्याच, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी नांदेडला बास गिटार वाजवायचे, असं त्या दिवशी बोलून गेले. अप्पांनी मला डावा हात पालथा करून दाखवायला सांगितलं, मग स्वतःचा पुढं केला. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती, मूठसुद्धा मिटत नव्हती. मग ते म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"माझे कान चाललेत, पोरी. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, उपाय न्हाई. पुरा बहिरा व्हायच्या आत एक डाव आक्काच्या गाण्याखाली हा बास ऐकायचा हाय मला. माझ्यानं तर आता वाजत न्हाई. तू शीक."

मी हो म्हटलं. चारच तारा, त्याही गिटारच्याच सुरांत लावलेल्या. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

कशाचे पंधरा दिवस. गिटार मांडीवर बसते, हा माणसापेक्षा उंच. त्याला खांद्याशी टेकवून उभं राहायचं म्हणजे लग्नात दमलेल्या मावशीला सावरून धरल्यासारखं. तारा करंगळीएवढ्या जाड वाटायच्या. आठवड्याभरात दोन बोटांना फोड आले. सासूबाईंनी विचारलं, तव्याला भाजलं का गं? हो म्हटलं. आणि गिटारच्या मानेवर कशा पट्ट्या असतात, पट्टीच्या मागं बोट दाबलं की सूर पक्का, तसलं इथं काही नाही. लांबच लांब काळं लाकूड, कोरं. बोट केसभर इकडं झालं की सूर घसरला. अप्पा घागरीशेजारी खुर्ची घेऊन बसायचे, हाताचा द्रोण कानामागं धरायचे नि प्रत्येक सुराला मान हलवायचे. आडवीच.

मग मी एक अक्कल चालवली. माझ्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि शेजारच्या पोराचा कीबोर्ड मागून आणून त्यावर सूर तपासून बासच्या मानेवर, कडेला, जिथं जिथं बोट पडायला हवं तिथं एकेक टिकली चिकटवली. सा ला मोठी लाल, पंचमाला हिरवी, बाकीच्यांना बारीक काळ्या. झक्कास वाजायला लागलं. अप्पा तर डोळे मिटून ऐकायचे, टिकल्या त्यांना दिसल्याच नाहीत, वाटलं पोरगी भराभर शिकली. आक्कांना त्यांनी स्वतः विचारलं नाही, मला विचारायला लावलं. आक्का तांदूळ निवडत होत्या. सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, तुला यायचं तर ये, मी तुला हो म्हणते, दुसऱ्या कुणाला न्हाई.

चैत्रातला सोमवार होता. केळीवाल्याच्या हातगाड्यावर बास आडवा घालून, चादर झाकून आम्ही देवळाकडे निघालो. वाटेत दोघांनी विचारलं, फ्रिज घेतला का? देवळात बायकांनी चादर काढली नि हसून हसून बेजार झाल्या. ही तर व्हायोलिनची सासू आणली की, म्हणाल्या. शांताबाई पेटी वाजवायच्या, त्यांनी काळी तीन दिली, आक्कांची पट्टी ती. अप्पा खांबाला टेकून बसले होते, सदरा नवाकोरा. आणि मी सुरू केलं, पूर्ण विश्वासानं, टिकल्यांवर डोळे लावून.

आता चैत्रातलं लातूर, वर पत्रा, अंगाला धारा. तालमीत रोज घामेजलेल्या हातानं घासून टिकल्यांचा गोंद कधीचा सुटला होता, आणि त्या दुपारी त्या एकेक करून खाली सरकत होत्या. मीही त्यांच्यामागं सरकत होते. पंचमाची हिरवी तर बोटभर खाली गेली, मी तिथंच पंचम वाजवला, तोही दणक्यात. मला काहीच चुकीचं वाटत नव्हतं. मी ऐकत कुठं होते, मी बघत होते. दुसऱ्या कडव्याला आक्का गायच्या थांबल्या. देवळात नुसते टाळ राहिले, मग तेही थांबले.

"सूर नसंल तर बसून टाळ वाजव गं," आक्का म्हणाल्या. "त्यात काय कमीपणा न्हाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खांबाकडे बघितलं. अप्पा खाली मान घालून सदऱ्याची बाही सारखी करत होते. घरी येऊन मी उरलेल्या टिकल्या नखानं खरवडून काढल्या आणि मोरीत उभी राहून रडले. मला लाज माझी वाटत नव्हती. त्यांच्या कानांचे महिने मी फुकट घालवले, ते खात होतं मला.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला तारेला हात लावू दिला नाही. दार उघडून बसवलं आणि विचारलं, काय ऐकू येतंय? गिरणीचा पट्टा. धरून ठेव, म्हणाले, नि त्याचा सूर गुणगुणायला लावला. मग शेजारचा मिक्सर, मग भंगारवाल्याची हाळी. पंधरा दिवस हेच. मग डोळे मिटून तोच सूर बासवर हुडकायचा. त्यातही त्यांचा एक दंडक होता: गाणाऱ्यासोबत मोकळी तार वाजवायची नाही, बोट ठेवूनच वाजवायचं. मोकळी तार लई हट्टी असती, ती जागची हलत न्हाई, गाणारा हलला तर मंग तू काय करशील? मला तेव्हा हे फारसं कळलं नाही. पुढं उजव्या हातात गज दिला, आणि लांब, संथ ओढ शिकवली. राळेची पांढरी भुकटी साडीवर पडायची, तिचा वास मला अजून स्वप्नात येतो.

मी सुधारत होते आणि त्यांचे कान जात होते, दोन्ही एकाच खोलीत. आधी कुकरची शिट्टी गेली. मग दाराची कडी. ज्येष्ठात म्हणाले, आक्काचा आवाज आता भिंतीपल्याडून यायला लागला. कानातलं मशीन आणलं होतं, ते नुसतं कुईकुई करायचं, खणात ठेवून दिलं. मी पोळ्या टाकून सकाळ-संध्याकाळ जायला लागले. आक्का काही बोलायच्या नाहीत, पण माझ्यासाठी चहा ठेवायच्या, आणि मी चुकले की आतल्या खोलीतून बरोबर सूर गुणगुणायच्या, सहज म्हटल्यासारखा.

आषाढ संपता संपता एके सकाळी अप्पा देवळातून आले नि खुर्चीत बसून राहिले. घंटा वाजवली, म्हणाले. हाताला कळलं, कानाला न्हाई. परत वाजवली. मग पुजारी आला बघायला.

म्हणजे झालं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी देवळात पुन्हा वाजवायचं ठरलं होतं, तो श्रावण आठ दिवसांवर होता आणि आम्हाला उशीर झाला होता.

दवाखान्यातल्या बाईंनी परवा माझं नाव पुकारलं तेव्हा मी इथवर आले होते. उठले, दुखायचं थांबलं म्हटलं आणि बाहेर पडले. त्या कोपऱ्यात आता पाणी गार करायचं मशीन उभं आहे. पंगतीची वेळ टळत होती, पण मी देवळाकडे गेले. फरशी नवी बसवलीय, पत्रा जाऊन स्लॅब आलाय. खांब तेच. अप्पांना जाऊन आता अकरा वर्षं झाली, आक्का त्यांच्यामागं चार महिन्यांत गेल्या. आमचं बिऱ्हाड पुढं नांदेडला गेलं, बासही तिथं माझ्याकडे असतो, पायाशी घागर ठेवते. मी खांबाला टेकून बसले, आणि श्रावणातला तो पहिला सोमवार पुन्हा समोर उभा राहिला.

त्या दिवशी मी जाणारच नव्हते. ज्यांच्यासाठी शिकले त्यांना ऐकू येणार नाही, मग कशाला ते मिरवायचं? पण आक्का स्वतः आमच्या दारात आल्या. चल, म्हणाल्या, गाडा आलाय. एवढंच. अप्पाही आले, आपल्या त्या खांबाशी मांडी घालून बसले. बेलाचा, ओल्या साड्यांचा, कापराचा वास. पहिली दोन भजनं चांगली गेली. मी हळू वाजवत होते, इतकं हळू की शांताबाईंनी एकदा वळून बघितलं, आहे का गेली म्हणून.

तिसरं भजन संथ होतं. आक्कांचं वय झालेलं. तिसऱ्या भजनाला त्यांचा आवाज दमून खाली बसायला लागायचा, हे मंडळातल्या सगळ्याजणींना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही. पेटीचा सूर काही खाली येत नाही. शांताबाई बिचाऱ्या आक्कांना आधार म्हणून पट्टी आणखी दाबायच्या, त्यानं आक्कांचं उतरणं आणखीच उघडं पडायचं. हा श्रावण शेवटचा, मग गाणं बंद, असं आक्का त्यांना बोलल्याही होत्या.

त्या दिवशीही आवाज खाली यायला लागला. माझं बोट सा वर, गजाची लांब ओढ चालू. नांदेडची मी असते तर तिथंच पाय रोवून उभी राहिले असते, बरोबर तर मीच होते. पण मला आक्का ऐकू येत होत्या. त्यांच्या श्वासाची घरघर, सूर सुटतोय हे त्यांना कळल्याची ती छोटीशी थरथर. मी बोट केसभर वर सरकवलं. बासवर बोट वर गेलं की सूर खाली येतो. आक्का आणखी उतरल्या, मीही सरकले. शांताबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि पेटीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग फक्त टाळ, आक्का आणि मी. पायाखालची जमीन आपल्यासोबत येतेय हे आक्कांना कुठंतरी कळलं असावं. थरथर गेली. त्या खालच्या जागी त्यांचा आवाज भरला आणि शेवटच्या कडव्याला स्वतःहून थोडा चढलाही. मीही चढले. रडू येत होतं, पण गज हलला असता म्हणून आवरलं.

भजन संपल्यावर अप्पांकडे बघायचा मला धीर होईना. तेच बोलले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो, सगळ्या देवळाला ऐकू गेलं.

"आक्का, तिसऱ्याला तू अर्धी पट्टी उतरलीस. शेवटच्या कडव्याला परत वर आलीस."

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. तुला कसं कळलं, असं त्यांनी हातानं विचारलं.

अप्पांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट केलं. "हिच्या बोटावर दिसलीस की तू. सगळी दिसलीस."

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं, डोळेही पुसले. मग बसल्या जागी सरकून सरकून, देवाकडे पाठ करायची नाही म्हणून जरा तिरक्या होऊन, त्यांनी अप्पांकडे तोंड केलं. मला म्हणाल्या, तू बी वळ, तुझा हात त्याला नीट दिसू दे. मी बास फिरवला.

"कोणतं म्हणू, मन्मथ?" आक्कांनी विचारलं.

अप्पांना ऐकू आलं नाही. ते माझ्या बोटाकडे बघत होते, ते कधी हलतं याची वाट पाहत.